'नवानुवाद' आणि भय : 'सायरन : ब्लड कर्स' या भागशः जपानी व्हिडिओ गेमची समीक्षा

१. प्रस्तावना

कादंबरी, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेसाठी मराठीत परिभाषा सिद्ध आहे. व्हिडिओ गेमसंबंधी मात्र चर्चा झाली तर ती बहुधा त्याच्या दुष्परिणामांची होते. कलाकृती म्हणून त्याची रचना तपासण्याचा प्रसंग क्वचितच येतो. वास्तविक कथा, काळ, दृष्टिकोन आणि रस या चारही अंगांनी ज्यांचा विचार व्हावा अशा कृती या माध्यमात निर्माण झाल्या आहेत. 'सर्व्हायव्हल हॉरर' हा त्यातील एक महत्त्वाचा प्रकार होय. शत्रूवर विजय मिळविण्यापेक्षा त्याच्या तावडीतून जिवंत सुटणे हे या प्रकारात उद्दिष्ट असते. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 'रेसिडेंट ईव्हिल' (१९९६) या गेमपासून ही संज्ञा रूढ झाली.

प्रस्तुत लेखात सोनीच्या जपान स्टुडिओने २००८ साली प्लेस्टेशन ३ साठी प्रसिद्ध केलेल्या 'सायरन : ब्लड कर्स' या बारा भागांच्या गेमचा विचार केला आहे. त्याचे दिग्दर्शक केइइचिरो तोयामा हे होत. 'सायलेंट हिल' (१९९९) या गाजलेल्या गेमचे दिग्दर्शनही त्यांचेच. २००३ साली त्यांनी 'सायरन' हा गेम केला. 'ब्लड कर्स' ही त्याच कथाबीजाची पुनर्रचना असून तिचे जपानी नाव 'सायरन : न्यू ट्रान्सलेशन', म्हणजे 'नवानुवाद', असे आहे. हे नाव गांभीर्याने घेतल्यास समीक्षेचा मार्ग आपोआप सापडतो. मराठीत भाषांतर, अनुवाद आणि रूपांतर यांत भेद केला जातो. या कृतीत नेमके काय अनुवादित झाले, काय रूपांतरित झाले आणि काय हरवले, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. कथावस्तू आणि तिची भूमी

हानुदा हे डोंगरांनी वेढलेले जपानी खेडे काही दशकांपूर्वी नाहीसे झाले आहे. तेथील गूढ विधींचा शोध घेण्यासाठी एक अमेरिकन दूरचित्रवाणी पथक येते. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक सॅम मनरो, त्यांची पूर्वपत्नी मेलिसा गेल, छायाचित्रकार सोल जॅक्सन आणि सॅम व मेलिसा यांची लहान मुलगी बेला यांचा त्यात समावेश आहे. हॉवर्ड राइट हा अमेरिकन विद्यार्थीही तेथे पोहोचतो. मियाको या मुलीचा बळी दिला जात असताना तो मध्ये पडतो आणि विधी अपुरा राहतो. त्यानंतर भोंग्याचा कर्कश आवाज घुमतो आणि लाल पाण्याने वेढलेल्या त्या गावातून बाहेर पडण्याची वाट उरत नाही. गावकरी 'शिबितो' झालेले असतात. 'शव' आणि 'माणूस' या अर्थांची दोन चिन्हे जोडून हा शब्द बनला आहे.

या कथेमागे जपानी भयकथेची दीर्घ परंपरा उभी आहे. १९३८ साली ओकायामा प्रांतातील त्सुयामानजीकच्या खेड्यात एका तरुणाने एका रात्रीत तीस जणांची हत्या केली. त्या घटनेचा आधार घेऊन सेइशी योकोमिझो यांनी 'यात्सुहाका-मुरा' ही कादंबरी १९४९ पासून क्रमशः लिहिली. दूर डोंगरातले, बाहेरच्यांना बंद असलेले, जुन्या पापाने ग्रासलेले खेडे ही प्रतिमा अशा कृतींनी वाचकांच्या मनात रुजविली. मूळ 'सायरन'मधील किशोरवयीन नायकही एका गावातील हत्याकांडाची वदंता ऐकूनच हानुदाकडे निघतो.

नाहीसे होणारे खेडे ही जपानात केवळ कविकल्पना नाही. समाजशास्त्रज्ञ आकिरा ओनो यांनी १९९० च्या सुमारास 'गेनकाइ शूराकु', म्हणजे अस्तित्वाच्या सीमेवरील वस्ती, ही संकल्पना मांडली. ज्या वस्तीतील निम्म्याहून अधिक रहिवासी पासष्ट वर्षांवरील आहेत आणि जिचे सामूहिक जीवन चालणे अवघड झाले आहे, ती अशी वस्ती होय. मार्च १९९९ मध्ये जपानात ३,२३२ नगरे, गावे व शहरे स्थानिक संस्था म्हणून अस्तित्वात होती. विलीनीकरणानंतर मार्च २०१० मध्ये ही संख्या १,७२७ वर आली. दोन्ही 'सायरन' याच काळातील आहेत. गावाचे नाव नकाशावरून पुसले जाण्याचा अनुभव तेव्हा प्रत्यक्षात घडत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हानुदाचे भय अधिक अर्थपूर्ण वाटते.

३. कालरचना : जाळ्यापासून मालिकेपर्यंत

२००३ च्या 'सायरन'मध्ये कथा सरळ पुढे जात नाही. तीन दिवसांचा काळ आणि दहा पात्रे यांचे एक कोष्टक खेळणाऱ्यासमोर असते. कोणत्या पात्राला कोणत्या वेळी काय घडले, हे प्रसंग क्रमाने न येता विखरून येतात. एका पात्राच्या प्रसंगात केलेली लहानशी कृती दुसऱ्या पात्राच्या प्रसंगाची वाट मोकळी करते. गेममधील नकाशा खेळणाऱ्याला तो स्वतः कोठे उभा आहे हे दाखवीत नाही. परिणामी खेळणारा एकाच वेळी स्थळात आणि काळात चाचपडत राहतो. अनेकांनी हा गेम अर्ध्यावर सोडला असेल, तर त्यात नवल नाही. परंतु गावाचा इतिहास जुळविण्याचे श्रम हाच त्या कृतीचा आशय होता. ज्या गावाची नोंद उरलेली नाही, ते समजून घेण्यासाठी तुकडेच गोळा करावे लागतात.

'ब्लड कर्स'मध्ये हे जाळे सुटे करून बारा भागांची माळ ओवली आहे. अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकांप्रमाणे मागील भागाचा सारांश आणि पुढील भागाची झलक येते. उद्दिष्टाकडे नेणाऱ्या खुणा दिसतात. उत्तर अमेरिकेत हा गेम तबकडीवर न येता इंटरनेटवरून उतरवून घेण्यासाठीच उपलब्ध झाला आणि भागांचे संच म्हणूनही विकला गेला. भागशः रचनेमागे विक्रीची ही सोय होती, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक भाग एका बैठकीत संपू शकतो, उत्कंठा टिकते आणि खेळणारा हरवत नाही. पण 'हरवणे' हाच मूळ कृतीचा स्थायी अनुभव असल्याने येथे अनुवादात काही निसटले आहे, असेही म्हणावे लागते.

तथापि ही मालिका आपल्याच रूपाला छेद देते. मालिकेचे प्रेक्षकाला एक मूक आश्वासन असते की, पुढील भागात कथा पुढे जाईल. 'ब्लड कर्स'च्या उत्तरार्धात तोच काळ पुन्हा सुरू होतो. तीच रात्र, तेच गाव आणि तीच माणसे, पण घटनाक्रम बदललेला. ज्या प्रसंगातून सुटका झाल्याचे समाधान खेळणाऱ्याने मिळविले होते, ते रद्द ठरते. 'पुढील भाग' हा मागील भागच असू शकतो, ही जाणीव कोणत्याही विद्रूप चेहऱ्यापेक्षा अधिक भीती निर्माण करते. मूळ कृतीत काळ विखुरलेला होता, येथे तो वर्तुळाकार आहे. विखुरलेला काळ जुळविता येतो, वर्तुळातून मात्र बाहेर पडता येत नाही. म्हणून कालरचनेच्या बाबतीत या कृतीला अनुवादापेक्षा रूपांतर म्हणणे अधिक योग्य ठरेल.

४. दृष्टिहरण : भयाचे साधन

या मालिकेचे सर्वांत मौलिक अंग म्हणजे इतरांच्या डोळ्यांनी पाहण्याची शक्ती. जपानी भाषेत तिला 'गेंशी' म्हणतात. भासमान दर्शन असा त्याचा अर्थ लावता येईल. इंग्रजीत मात्र तिचे नाव 'साइटजॅक' आहे. त्यात 'हायजॅक', म्हणजे बळजबरीने ताब्यात घेणे, ही छटा येते. एकाच शक्तीला एका भाषेत भास म्हटले जाते आणि दुसऱ्या भाषेत अपहरण, हा भेद उद्बोधक आहे. मराठीत 'दृष्टिहरण' हा शब्द वापरता येईल.

मूळ गेममध्ये दृष्टिहरण करताना स्वतःच्या डोळ्यांसमोरचे दृश्य लुप्त होई. शत्रू पाहता येई, पण त्या वेळी स्वतः आंधळे व्हावे लागे. 'ब्लड कर्स'मध्ये पडदा विभागला जातो आणि स्वतःचे व दुसऱ्याचे दृश्य शेजारी दिसते. सोय वाढली, किंमत कमी झाली. पण या सोयीने एक नवा परिणामही साधला आहे. शत्रूच्या दृश्यात अचानक स्वतःच्या पात्राची पाठ दिसते. आपण कोणाच्या तरी नजरेत आहोत, हे त्याच नजरेतून कळते. मागे वळून पाहण्याची घाई आणि वळण्याची भीती एकाच क्षणी जाणवते. शस्त्रहीन बेला शिबितोंपासून लपत फिरते, त्या प्रसंगांत हे साधन विशेष परिणामकारक ठरते. लहान मुलीच्या जिवाचा प्रश्न असताना शत्रूच्या डोळ्यांतून तिला शोधत राहावे लागते, म्हणजे खेळणारा त्या वेळी शिकार आणि शिकारी दोन्ही असतो.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत आवाज, भुतांचे दर्शन, ओस घर आणि अरण्य यांचा निर्देश येतो. हानुदात हे सारे आहे; भोंगा तर विकृत आवाजाचे मूर्तिमंत रूपच होय. परंतु दृष्टिहरणामुळे आश्रय आणि आलंबन यांच्यातील सीमारेषा पुसट होते. ज्याला भय वाटते आणि ज्याचे भय वाटते, ते काही क्षण एकाच डोळ्याने पाहतात. त्या डोळ्यातून काय दिसते? शिबितो विळा चालवीत असतो, खिळे ठोकीत असतो, स्वतःशी पुटपुटत असतो. मरणानंतरही त्याचा दिनक्रम सुटलेला नाही. त्याला कायमचे मारता येत नाही. पडला तरी थोड्या वेळाने तो उठतो आणि बहुधा पुन्हा कामाला लागतो.

येथे भयानकात करुण मिसळतो. मूळ 'सायरन'मधील तोमोको या शाळकरी मुलीचा प्रसंग याचा परमोच्च बिंदू आहे. शिबितो झालेली तोमोको चर्चमध्ये आईवडिलांना पाहून आनंदाने त्यांच्याकडे येते; डोळ्यांतून रक्त वाहत असल्याचे तिला कळत नाही. आईवडील मात्र भीतीने किंचाळतात. तिच्या दृष्टीने ती घरी परतलेली असते. राक्षस ठरविणारी नजर कोणाची, हा प्रश्न या प्रसंगाने कायमचा उभा केला.

५. पाहणारे आणि पाहिले जाणारे

'ब्लड कर्स'वरील मुख्य आक्षेप असा की, जपानी गावाची कथा अमेरिकन पात्रांच्या हाती दिल्याने गाव केवळ परके, गूढ दृश्य बनले. या आक्षेपात तथ्य आहे. मूळ कृतीत खेळणारा गावातल्या डॉक्टरच्या, धर्मगुरूच्या, शिक्षिकेच्या आणि वृद्ध शिकाऱ्याच्या रूपाने वावरत असे. गावाचे पाप हे गावाचेच होते. इ. स. ६८४ मधील दुष्काळात भुकेल्या गावकऱ्यांनी आकाशातून पडलेल्या देवाचे मांस खाल्ले आणि त्यांतील हिसाको या स्त्रीला अमरत्वाचा शाप मिळाला, अशी ती कथा आहे. मत्स्यकन्येचे मांस खाऊन आठशे वर्षे जगलेल्या 'याओ बिकुनी' या भिक्षुणीच्या जपानी लोककथेशी तिचे नाते उघड आहे. भुकेच्या अपराधाची ही कथा असल्याने तिला विलक्षण करुण खोली आहे. 'ब्लड कर्स'मध्ये ती बरीच मागे पडते.

परंतु एवढ्यावर निवाडा करणे घाईचे ठरेल. नव्या कृतीत गावाच्या विधीची अधिष्ठात्री असलेली अमाना ही दुसरी कोणी नसून पथकासोबत आलेली बेलाच आहे, हे अखेरीस उघड होते. काळाच्या वर्तुळात सापडलेली ही मुलगी त्या शापाच्या उगमाशी जाऊन पोहोचते. म्हणजे ज्या विधीचे चित्रीकरण करण्यासाठी आईवडील आले, त्या विधीच्या केंद्रस्थानी त्यांचीच लेक उभी आहे. बाहेरून आलेले लोक कॅमेऱ्याच्या सुरक्षित अंतरावरून जे 'दृश्य' पाहू इच्छित होते, त्या दृश्याचे कारण तेच ठरतात.

या योजनेने कॅमेरा आणि दृष्टिहरण यांत समांतर नाते निर्माण होते. कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याला वाटते की, आपण दिसत नाही. दृष्टिहरण त्याला दाखवून देते की, तो दिसतो आहे. प्राध्यापक सॅम यांचे ज्ञानही त्यांना या नियमातून सूट देत नाही. क्षेत्रीय अभ्यासासाठी दुसऱ्यांच्या गावात जाणाऱ्या, तेथील श्रद्धांची नोंद करून परतणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला हा प्रश्न अस्वस्थ करील. निरीक्षकाला निरीक्षणाच्या वर्तुळाबाहेर जागा आहे काय? 'ब्लड कर्स'चे उत्तर नकारार्थी आहे. मूळ कृतीत हा विचार इतक्या स्पष्टपणे आलेला नाही. तो या 'नवानुवादा'चाच आहे.

६. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, भागशः रचनेमुळे मूळ 'सायरन'मधील शोधाचे श्रम आणि हरवलेपण कमी झाले, हे या कृतीचे खरे नुकसान आहे. दोन, काळ वर्तुळाकार करून तिने मालिकेच्या रूपाचाच भयासाठी उपयोग केला, ही तिची उपलब्धी आहे. तीन, गावाचा अंतर्गत अपराध मागे पडला असला, तरी पाहणाऱ्याच्या अपराधाचा नवा अर्थ तिने कथेला दिला.

तोयामा यांनी २०२० मध्ये सोनी सोडून बोके गेम स्टुडिओ स्थापन केला. जपान स्टुडिओची २०२१ मध्ये पुनर्रचना होऊन त्याचे पूर्वीचे स्वरूप संपले. २०२४ साली आलेल्या त्यांच्या 'स्लिटरहेड' या गेममध्ये खेळणारा इतरांची केवळ दृष्टी नव्हे, तर संपूर्ण देह ताब्यात घेतो. 'सायरन'मध्ये रुजलेले बीज तेथपर्यंत वाढलेले दिसते. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे ही सहानुभूती की अपहरण, हा प्रश्न तोयामा सोडीत नाहीत. 'ब्लड कर्स'मध्ये त्याचे उत्तर बाराव्या भागानंतरही मिळत नाही. शिबितोच्या डोळ्यांतून एकदा स्वतःकडे पाहिल्यावर मात्र खेळणाऱ्याला त्याला केवळ राक्षस म्हणणे कठीण जाते, आणि या कृतीचे समीक्षामूल्य प्रामुख्याने त्या अडचणीत आहे.