झाडाखालचा कथेकरी : जेरी क्लाउअर यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका

विनोदी लेखकाचे साहित्य त्याच्या पुस्तकांत असते. ते ग्रंथालयात मिळते आणि त्याची पाचवी आवृत्ती पहिलीइतकीच उपयोगी पडते. विनोदी कथेकऱ्याचे साहित्य नेमके कोठे असते, हा प्रश्न मात्र आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. त्याने कथा लिहून काढली तर तिचा सांगाडा आपल्या हाती लागतो. परंतु त्याचे थबकणे, शब्द लांबविणे, हशा पुरता ओसरण्यापूर्वीच पुढचे वाक्य सोडून देणे यांपैकी काहीच कागदावर उतरत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत घराघरांत आवडते झालेले कथेकरी जेरी क्लाउअर (१९२६-१९९८) यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका गेली काही वर्षे मी जमवीत व ऐकत आलो आहे. त्या श्रवणातून माझे एक मत झाले. बोली हाच ज्याच्या विनोदाचा प्राण आहे, अशा कलावंताच्या बाबतीत ध्वनिमुद्रण ही नक्कल नसून तीच मूळ संहिता होय. आणि तिचा संग्रह करणे हे समीक्षेचे पहिले काम होय. हे मत क्लाउअर यांच्याच कामावरून तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

क्लाउअर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२६ रोजी मिसिसिपी राज्यातील लिबर्टी या गावी, शेतीवर जगणाऱ्या समाजात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी नौदलात नोकरी केली. पुढे फुटबॉलच्या बळावर शिष्यवृत्ती मिळवून मिसिसिपी स्टेट येथे शेतीचे शिक्षण घेतले. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळावयाचा नव्हे. अमेरिकेतील अंगावर धावून जाण्याचा खेळ. त्यानंतर याझू सिटी या गावातील मिसिसिपी केमिकल या खत कंपनीत ते विक्रीच्या कामाला लागले. ही कंपनी शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीची असून नत्रखते तयार करीत असे. म्हणजे वयाच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपर्यंत या गृहस्थांचा व्यवसाय रंगभूमीचा नव्हता, वाङ्मयाचा तर नव्हताच. ते शेतकऱ्यांना खत विकत होते.

माझी सारी नोकरी कृषी खात्यात गेल्यामुळे या तपशिलाचे महत्त्व मला चटकन उमगले. शेतकरी मेळाव्यात खताचे प्रमाण सांगू लागले की तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत विड्या पेटतात, हे आमच्या खात्यातील प्रत्येकाने अनुभवले आहे. अशा सभेला जागे ठेवावयाचे तर तिच्या रोजच्या जगण्यातील काहीतरी तिच्यापुढे ठेवावे लागते. क्लाउअर यांनी बालपणीच्या गोष्टी ठेवल्या : शिकार, कुत्री, नदीकाठची दलदल, रविवारचे चर्च आणि लेडबेटर नावाचे अफाट कुटुंब. मार्सेल, आर्डेल, बर्नेल, रेनेल, क्लोव्हिस अशी या कुटुंबातील मुलांची नावे एका दमात घेणे हाच त्यांच्या कार्यक्रमातील एक हुकमी भाग होऊन बसला. आपण विनोदी गोष्टी सांगत नाही, गोष्टी विनोदाने सांगतो, असे ते म्हणत. हा भेद त्यांच्या सर्व कामाची किल्ली आहे. गोष्टीत चुटका नसतो, सांगण्यात असतो.

१९७० च्या सुमारास त्यांच्या एका भाषणाचे ध्वनिमुद्रण टेक्सास राज्यातील लबक येथील रेडिओशी संबंधित मंडळींच्या हाती पडले. त्यांनी ‘लेमन’ असे नाव देऊन घरगुती स्वरूपात ध्वनिमुद्रिका काढली व तिच्या आठ हजारांहून अधिक प्रती खपविल्या. त्यानंतर १९७१ मध्ये एमसीए या मोठ्या कंपनीने क्लाउअर यांच्याशी करार केला. पहिल्याच ध्वनिमुद्रिकेची विक्री दहा महिन्यांत दहा लाख डॉलरच्या पलीकडे गेली. १९७३ मध्ये नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या १९२५ पासून चालत आलेल्या नभोवाणी कार्यक्रमाचे ते सभासद झाले. २४ ऑगस्ट १९९८ रोजी हृदयशस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले, तोवर सत्तावीस वर्षांत जवळजवळ तितकीच मुद्रणे त्यांच्या नावावर जमा झाली होती.

दक्षिणेकडील कथेकऱ्यांच्या बाबतीत हा क्रम नवा नव्हता. नॉर्थ कॅरोलिनाचे अँडी ग्रिफिथ यांनी १९५३ मध्ये खेड्यातील एका भोळ्या उपदेशकाच्या तोंडून फुटबॉलच्या सामन्याचे वर्णन करणारे जे स्वगत मुद्रित केले, ते ग्रीन्सबरो येथे एका विमा कंपनीच्या संमेलनापुढे सादर झाले होते. ते प्रथम कलोनियल या लहान स्थानिक कंपनीने काढले आणि नंतर कॅपिटॉल या बड्या कंपनीने घेतले. दोन्ही उदाहरणांत मूळ श्रोते तिकीट काढून विनोद ऐकावयास आलेले नव्हते. ते कामानिमित्त एकत्र जमलेले, एकाच मुलखाचे, एकमेकांना ओळखणारे लोक होते. या जुन्या मुद्रणांचे मोल आहे ते येथे.

मुलीच्या घरी अटलांटा येथे दोनदा राहण्याचा योग आला, तेव्हा जुन्या वस्तूंच्या दुकानांतून मी हा संग्रह सुरू केला. १९७२, १९७३, १९७४ च्या एल.पी. तबकड्या तेथे विशेष दुर्मीळ नाहीत. लोकांनी त्या भरपूर घेतल्या व भरपूर वाजविल्या. त्यामुळे मिळतात त्या बहुधा झिजलेल्या. त्या काळी मोटारींत व मालट्रकांत वाजविल्या जाणाऱ्या ‘एट-ट्रॅक’ डब्यांची अवस्था याहून वाईट. त्यातील फीत एका अखंड वेढ्याची असते. तो वेढा जोडणारी धातूची पट्टी सुटते, फीत दाबून धरणाऱ्या स्पंजाचा भुगा होतो, आणि चांगला दिसणारा डबा यंत्रात घालताच मुका होतो. आज त्यांचे पुष्कळसे काम संगणकावरही ऐकावयास मिळते. मग संग्रह कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील. उत्तर असे की, वेगवेगळ्या कार्यक्रमांतून एकेक गोष्ट उचलून केलेल्या संकलनात गोष्ट मिळते, पण बैठक मिळत नाही. तबकडीची एक बाजू वीसेक मिनिटांची. तेवढ्या वेळात श्रोते कसे सैल होतात, पहिल्या गोष्टीतील नाव तिसऱ्या गोष्टीत नुसते उच्चारताच सभा कशी पेटते, हे सलग ऐकल्याखेरीज कळत नाही. १९७५ ची ‘लाइव्ह इन पिकायून’ ही ध्वनिमुद्रिका मला याच कारणाने महत्त्वाची वाटते. पिकायून हे मिसिसिपीच्या दक्षिण भागातीलच गाव. तेथील श्रोत्यांना दलदल म्हणजे काय आणि शिकारी कुत्रे कसे भुंकते, हे समजावून सांगावे लागत नाही.

क्लाउअर यांची सर्वांत गाजलेली कथा रकूनच्या शिकारीची. रकून हा मांजराहून मोठा, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, रात्री हिंडणारा व झाडावर चढून बसणारा प्राणी. कुत्री त्याला एका प्रचंड वृक्षावर चढवितात. जॉन नावाचा निष्णात गडी प्राण्याला गोळी घालणे अन्यायाचे मानतो. त्यालाही सुटण्याची संधी मिळाली पाहिजे, असे त्याचे तत्त्व. म्हणून तो हातात काठी घेऊन वर चढतो. वर गेल्यावर कळते की तेथे रकून नसून लिंक्स जातीचे रानमांजर आहे. अंधारात झटापट जुंपते. जॉन खालच्या माणसाला गोळी झाडण्यास ओरडून सांगतो. नेम चुकून तुलाच लागेल, असे उत्तर येते. त्यावर जॉनचे म्हणणे असे की तरीही झाडावी, कारण आता दोघांपैकी एकाची तरी सुटका होणे भाग आहे.

या कथेची रचना बारकाईने पाहावी. निवेदक झाडाखाली उभा आहे. घटना वर घडते आहे, तीही अंधारात. त्याला काहीच दिसत नाही. फक्त ऐकू येते. श्रोत्यापुढेही तेवढेच असते : कुत्र्यांचे भुंकणे, फांद्यांची मोडतोड, मांजराचे गुरगुरणे आणि जॉनच्या आरोळ्या. हे सारे क्लाउअर आपल्या एका गळ्यातून काढतात. कथेचा दृष्टिकोन हाच कानाचा आहे, डोळ्याचा नव्हे. म्हणूनच ती कागदावर चुटक्याएवढी उरते आणि तबकडीवर पूर्ण होते. मार्सेल लेडबेटर दारूच्या गुत्त्यात साखळी-करवत चालू करून शिरतो, त्या कथेतही तेच. करवतीचा आवाज हेच तेथे मुख्य पात्र आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जॉनचे तत्त्व उदात्त आहे आणि त्याची फजिती त्या तत्त्वातूनच होते, पण निवेदक त्याला मूर्ख ठरवीत नाही. कथेकरी आपल्या माणसांकडे वरून पाहत नाही. तो त्यांच्या बरोबर झाडाखाली उभा असतो.

याचा अर्थ क्लाउअर यांच्या कामात उणिवा नाहीत असा नव्हे. ते निष्ठावान बाप्टिस्ट होते. अश्लीलतेला त्यांनी कधी थारा दिला नाही ही जमेची बाजू. पण कथेच्या शेवटी उपदेश जोडण्याची हौस त्यांना होती व ती काही ठिकाणी कथेला जड होते. दरवर्षी नवी तबकडी काढण्याच्या व्यवहारात त्याच माणसांच्या त्याच स्वभावाची उजळणीही होत गेली. याहून गंभीर प्रश्न वगळण्याचा आहे. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी. परंतु मी ऐकलेल्या कथांत त्यांचा आवाज क्वचितच येतो. १९७० च्या जानेवारीत न्यायालयाच्या आदेशाने याझू सिटीतील शाळांत दोन्ही वर्णांची मुले एकत्र बसू लागली, तेव्हा क्लाउअर सार्वजनिक शाळांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले. आपल्या मनातील वर्णद्वेष कसा गळून पडला, हेही त्यांनी १९७५ च्या आत्मकथनात लिहिले. माणूस म्हणून त्यांनी जे धैर्य दाखविले, ते कथेकरी म्हणून पुरते दाखविले नाही, असे म्हणावे लागते. ज्या लिबर्टीचा आवाज त्यांनी जपला, ते अर्धेच लिबर्टी होय. जुनी मुद्रणे मुळातून ऐकल्याशिवाय हे विधानही करता येत नाही.

आपल्याकडे हा विचार लागू पडतो काय? पु. ल. देशपांडे यांचे ‘म्हैस’ ज्यांनी ध्वनिफितीवर ऐकले आहे, त्यांना नंतर ते वाचताना कानात पु.लं.चाच आवाज येतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार व व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन करून कथेला पुन्हा श्रोत्यांसमोर आणले. पण आम्हां बेळगावकरांना विशेष जवळचे उदाहरण ‘गणगोत’मधील रावसाहेबांचे. पु.ल. काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. रावसाहेबांची कानडी वळणाची मराठी त्यांनी कागदावर इतकी हुबेहूब उतरविली की तिला दुसरी जोड नाही. तरीही तो हेल आमच्या कानात आधीपासून आहे, म्हणूनच आम्ही तो पानावरून ऐकू शकतो. ज्याने ही बोली कधी ऐकली नाही, अशा उद्याच्या वाचकाला त्या पानावर केवळ चुकीचे व्याकरण दिसेल.

बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून मराठीने शेजारच्या भाषांशी सोयरीक केली. कोठे कानडी, कोठे गुजराती, कोठे माळवी हिंदी, कोठे दखनी, कोठे कोंकणी. शाळेने आम्हांला ग्रांथिक मराठी शिकविली व घरच्या मराठीची लाज शिकविली. त्यामुळे आमच्या संस्थांनी व्याख्याने जपली, अध्यक्षीय भाषणे छापली. मंगळागौरीच्या रात्री वा लग्नाच्या आदल्या दिवशी गोष्टी सांगून घर हसविणाऱ्या आत्याबाईंचे अथवा काकांचे बोलणे मात्र साहित्य म्हणून कोणी मोजले नाही. वस्तुतः खतविक्याच्या त्या भाषणासारखेच ते आहे : आपल्या माणसांनी, आपल्या माणसांसमोर, दुसऱ्याच कामासाठी जमले असताना सांगितलेले. फरक इतकाच की तेथे कोणीतरी यंत्र चालू केले आणि ते मुद्रण जपून ठेवले.

१९८० च्या व १९९० च्या दशकांत आपल्यापैकी अनेकांच्या घरी कॅसेट-रेकॉर्डर आले. मुंजी-लग्नांत, वाढदिवसांत, परदेशी गेलेल्या मुलाला पाठविण्यासाठी म्हणून पुष्कळ आवाज त्या फितींवर घेतले गेले. त्या कॅसेटी आज माळ्यावरच्या पेट्यांत आहेत आणि दर दिवाळीच्या आवराआवरीत त्यांतील काही रद्दीबरोबर जातात. त्यांचे आयुष्य अमर्याद नाही. टाकण्यापूर्वी एकदा ऐकाव्यात, शक्य असल्यास संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि वेष्टनावर बोलणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग व वर्ष लिहून ठेवावे. ते वर्ष व गाव नसले तर संग्राहकाला काय हाती आले हे कळत नाही, हा धडा मी अटलांटाच्या दुकानांतील वेष्टन हरवलेल्या तबकड्यांपासून घेतला. संस्थेच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी अशा ध्वनिमुद्रणांसाठी एक खण राखून ठेवता येईल काय, याचा विचार कार्यकारिणीने जरूर करावा. पहिल्या दहा कॅसेटी देण्याची माझी तयारी आहे. त्यांत माझ्या मावशीने सांगितलेली, कानडी शेजारणीच्या हरवलेल्या कोंबडीची गोष्ट आहे. ती कागदावर उतरविण्याचा प्रयत्न मी दोनदा केला. ती उतरत नाही.