काशिनाथ जिवंत राहतो

बोईसरहून गुजरातकडची गाडी पकडली की डहाणू, वापी, नवसारी मागे टाकत ती उधन्याला पोचते. बाबुराव बागूलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी याच उधन्याला जातो आणि डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून जात दडवतो. संग्रह १९६३ चा. आज तारापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या आपल्या पोराला बोईसरात खोली दाखवणारा भाडं नंतर सांगतो, आधी आडनाव विचारतो. पोरगंही पटकन दुसरंच काहीतरी सांगून मोकळं होतं. त्याला नावं ठेवायच्या आधी ही कथा नीट वाचा.

आणि तिच्याशेजारी एक जपानी कादंबरी ठेवा. शिमाझाकी तोसोन यांची 'हाकाई', म्हणजे मोडलेली आज्ञा, १९०६ ची. जपानातही अस्पृश्य होते, बुराकुमिन. १८७१ च्या फर्मानानं ते कागदावर मोकळे झाले, गावात नाही. नायक उशिमात्सु शाळामास्तर. बापाची आज्ञा एकच, जात कुणाला सांगू नकोस. तोसोननं पदरमोड करून पुस्तक छापलं, त्याच काळात त्याच्या तीन लहान मुली गेल्या. माणूस प्रामाणिक होता यात शंका नाही. पण तो बुराकुमिन नव्हता, आणि तिथंच पाणी मुरतं.

दोन्हीकडे जात चोरणारा एक आहे आणि छाती ठोकून सांगणारा एक आहे. 'हाकाई'त सांगणारा रेंतारो. त्याचा खून होतो. मग उशिमात्सु वर्गातल्या पोरांसमोर गुडघे टेकतो, इतके दिवस लपवलं म्हणून माफी मागतो, आणि टेक्ससला जायला निघतो. माफी कुणी कुणाची मागायची, मित्रांनो? गुन्हा कुणाचा? कळवळा बाहेरून आला की असा वाकवतो. १९२२ साली बुराकुमिनांनी स्वतःची संघटना काढली, सुइहेइशा. आपल्या महाडच्या पाच वर्षं आधी. पुढं १९३९ ची आवृत्ती शब्द बदलून निघाली, मूळ पाठ १९५३ ला परत आला. शब्द बदलले तरी टेकलेले गुडघे टेकलेलेच राहिले.

बागूलांचा नायकही मार खातो, जबर. पण माफी मागत नाही. मारणाऱ्या हातांमागचा मनू त्याला दिसतो. आणि सांगणारा, काशिनाथ, मरत नाही. तो धावून येतो, सोडवतो.

माझी तक्रार बागूलांशीही आहे. नायक फार कविता बोलतो. कामगारांवर त्याच्या विद्वत्तेची छाप पडते, वाचकालाही तो आवडून जातो. काशिनाथ मात्र आडदांड, भांडखोर, नोकरी गमवायला तयार. आपल्या चर्चांत नायकावर तासभर बोलतात, काशिनाथाला दोन वाक्यं. का? नायकासारखं सुशिक्षित दिसणं आपल्याला सोयीचं वाटतं म्हणून काय?

काशिनाथ नायकाला विचारतो, मार का खाल्लास? बोईसरातल्या त्या पोराला कथा वाचायला द्याल तेव्हा हे पान दुमडून द्या.