लांडग्याचं साम्राज्य आणि राणीचा हिरा

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं की, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं टीव्हीवरच्या लांडग्याबद्दल का बोलावं? कारण साधं आहे. सत्ताधीशाचं चित्र काढताना त्यातला माणूस किती दाखवायचा आणि सत्ता किती दाखवायची, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. हल्ली तो ग्रंथांपेक्षा पडद्यावरच जास्त सोडवला जातो. बरा-वाईट कसाही, पण सोडवला जातो.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. मध्ये मोठा खंड पडला, २००५ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी निळ्या पोलीस-खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून काळात हिंडतो, बरोबर कुणीतरी सोबती असतो. ज्यांनी ती पाहिलेली नाही, त्यांना एवढी ओळख पुरे. असं हिंडताना राजेराण्या भेटणारच. आम्ही आज एकाच राणीबद्दल बोलणार आहोत. २२ एप्रिल २००६ ला दाखवला गेलेला ‘टूथ अँड क्लॉ’ हा भाग, त्याचे लेखक रसेल टी. डेव्हिस, आणि पॉलिन कॉलिन्स यांनी उभी केलेली व्हिक्टोरिया.

साल १८७९, प्रदेश स्कॉटलंड. रेल्वेमार्गावर झाड पडलंय म्हणून राणी बग्गीतून बाल्मोरलला निघालीय. रात्रीचा मुक्काम टॉर्चवुड नावाच्या वाड्यात. त्या वाड्याचा ताबा एका मठातल्या साधूंनी आधीच घेतलाय, आणि त्यांच्याबरोबर पिंजऱ्यात एक तरुण आहे, जो चंद्रप्रकाशात लांडगा होतो. त्या लांडग्याला राणीच्या देहात शिरायचं आहे आणि तिच्या सिंहासनावरून लांडग्याचं साम्राज्य चालवायचं आहे. डॉक्टर आणि त्याची सोबतीण रोज नेमके तिथे येऊन पोचतात.

आधी जे चांगलं आहे ते मोकळेपणानं सांगू. ही राणी पुतळा नाही आणि व्यंगचित्रही नाही. आल्बर्ट १८६१ मध्ये गेला, म्हणजे कथेच्या वेळी अठरा वर्षं झालीत, तरी तिचा शोक ताजा आहे. भुताच्या गोष्टी तिला का आवडतात, हे ती जेवणाच्या टेबलावर सांगते. गेलेल्या माणसाकडून एखादा शब्द यावा एवढीच तिची आशा असते, आणि तो शब्द येत नाही. कॉलिन्सबाई हे आवाज न चढवता बोलतात. पुढे हीच बाई पर्समधून पिस्तूल काढून साधूंच्या म्होरक्याला गोळी घालते. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाटतात, हे अभिनयाचं यश.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे हसण्याचा हिशेब. ‘आम्हांला गंमत वाटली नाही’ हे राणीच्या नावावर खपणारं वाक्य तिच्या तोंडून वदवायचंच, अशी रोज आणि डॉक्टर यांची पैज लागलेली असते. (आम्हीही इथे ‘आम्ही’ म्हणतो आहोत, पण तो मास्तरकीचा आम्ही, राजघराण्याचा नव्हे, बरं का.) घरात माणसं मरताहेत आणि हे दोघं खिदळताहेत. बर्गसाँ सांगून गेला की, हसण्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावं लागतं. इथे ते रात्रभर बधिर आहे. शेवटी राणी दोघांना किताब देते आणि त्याच दमात राज्याबाहेर हाकलते. मृत्यू आणि दहशत तुम्हांला मौजेची वाटते, असं जग मला माझ्या राज्यात नको, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ. मालिकेनं आपल्याच नायकाला एका विधवेसमोर आरोपी म्हणून उभं केलं. हे धाडस आहे आणि राणीचा निवाडा योग्य आहे.

आता आमची तक्रार. अर्न्स्ट कांटोरोविच या इतिहासकाराचा ‘द किंग्ज टू बॉडीज’ हा १९५७ चा ग्रंथ प्रसिद्ध आहे. राजाला दोन देह असतात ही मध्ययुगीन कल्पना त्यात उलगडली आहे. एक देह हाडामांसाचा, तो आजारी पडतो, मरतो. दुसरा राज्याचा, तो मरत नाही, फक्त एका माणसातून दुसऱ्यात जातो. गंमत बघा, त्या लांडग्यालाही अगदी हेच हवंय! या भागानं राणीचा पहिला देह मन लावून रंगवला आणि दुसरा लांडग्याच्या अंगावर घातला. भूक, विस्तार, दुसऱ्याच्या देहात घुसून राज्य करणं हे सगळं लांडग्याचं, आणि राणीच्या वाट्याला फक्त दुःख आणि धीर. पण १८७९ मध्ये साम्राज्य ही येऊ घातलेली आपत्ती नव्हती. ते होतंच. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीच्या दरबारात तिला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं, तेव्हा दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात दुष्काळानं माणसं मरत होती. याच १८७९ मध्ये पुण्याच्या आसपास वासुदेव बळवंत फडके यांचं बंड चाललं होतं. झुलू युद्धही त्याच वर्षीचं.

कुणी म्हणेल, पाऊण तासाच्या मनोरंजनात हे सगळं कुठे कोंबायचं? रास्त प्रश्न आहे. पण कथेचा कळस कोहिनूर हिऱ्यावर टांगला, तो त्यांनी. हा हिरा राणी स्वतःजवळ बाळगते. तो युद्धातल्या लुटीतून मिळाला, हे ती सांगतेही, पण वाक्य संपलं की तो विषयही संपतो. आल्बर्टनं हिरा पुन्हा पुन्हा कापून घेतला, त्याचं कधी समाधानच झालं नाही. त्या कापण्यामागे खास योजना होती असं शेवटी कळतं, कारण वाड्यातल्या भल्यामोठ्या दुर्बिणीतून येणाऱ्या प्रकाशात हिरा आला की चंद्रप्रकाश एकवटतो आणि लांडगा मरतो. म्हणजे हिरा हे नवऱ्याचं शेवटचं प्रेमपत्र ठरतं. रचना सुंदर आहे, पण या सुंदरपणात एक मुलगा हरवलाय.

इतिहास असा आहे. मार्च १८४९ च्या लाहोर तहात एका कलमानं कोहिनूर राणीला देण्याचं ठरलं. तो देणारा महाराजा दुलीपसिंग दहा वर्षांचा होता. आईला आधीच त्याच्यापासून तोडलं होतं. लॉर्ड डलहौसीनं हिरा स्वतः मुंबईला आणला. ६ एप्रिल १८५० ला ‘मेडिया’ जहाजातून तो आपल्याच बंदरातून गेला आणि जुलैत राणीच्या हाती पडला. १८५२ मध्ये आल्बर्टच्या देखरेखीखाली कापल्यावर त्याचं वजन सुमारे १८६ कॅरटवरून १०६ च्या आसपास उतरलं. १८५४ मध्ये दुलीपसिंग बकिंगहॅम राजवाड्यात चित्र काढून घेण्यासाठी उभा असताना राणीनं हिरा त्याच्या हातात ठेवला. लेडी लॉगिन यांच्या आठवणी सांगतात की, तो खिडकीशी गेला, बराच वेळ हिरा न्याहाळत राहिला आणि मग मुजरा करून त्यानं तो राणीला परत दिला. पंधरा वर्षांच्या मुलाला आपलीच लूट नजराणा म्हणून दुसऱ्यांदा द्यावी लागली. पुढे तो इंग्रजांविरुद्ध उठला आणि १८९३ मध्ये पॅरिसमध्ये वारला.

आता पुन्हा पिंजऱ्याकडे चला. लांडगा स्वतःच सांगतो की, हा देह एका दुबळ्या मुलाचा आहे, साधूंनी त्याला रात्री घरातून पळवून आणला. शेवटी प्रकाशात तो मुलगा क्षणभर माणूस होतो आणि सुटका मागतो. म्हणजे पळवलेलं मूल या कथेत आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्याला कणवही वाटते. त्याची सुटका होते ती दुसऱ्या एका मुलाकडून घेतलेल्या दगडानं, आणि ही गाठ कथेत कुणाच्याच लक्षात येत नाही. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. बाहेरून इतिहास आणून चिकटवा, असं आम्ही म्हणत नाही. कथेच्या हातात तो होता.

राणीपुढे उभं राहण्याच्या दोन तऱ्हा शेजारी ठेवून पाहा. रोजच्या तोकड्या कपड्यांचा विषय निघतो, तर डॉक्टर थाप मारतो की, ही पोर आपण लंडनात सहा पेन्सला विकत घेतली. इथे कपडा विनोदाचा विषय. १८८८ मध्ये पुण्यात राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या मेजवानीला जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. दागिन्यांनी मढलेल्या या लोकांवरून देश ओळखू नका, खेडी बघा आणि आईसाहेबांना ते सांगा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय चरित्रकार देतात. तिथे कपडा हाच युक्तिवाद. राणीची टवाळी न करता तिच्या राज्याचा हिशेब मागता येतो, हे जोतीरावांनी दाखवलं. डॉक्टरला टवाळी जमली, हिशेब मागणं जमलं नाही.

मालिकेची बाजूही सांगितली पाहिजे. भेदरलेली राणी शेवटी टॉर्चवुड संस्था स्थापते. त्याच वर्षीच्या शेवटच्या दोन भागांत ही संस्था परग्रहावरचं जे सापडेल ते आमचं, असं म्हणते आणि ब्रिटिश साम्राज्य परत आणायची स्वप्नं बघते. २०१७ च्या ‘एम्प्रेस ऑफ मार्स’मध्ये लाल डगल्यातले शिपाई मंगळ राणीच्या नावावर करायला निघतात, आणि तिथे पुन्हा कॉलिन्सबाईंचीच तसबीर आहे. तेव्हा साम्राज्य मालिकेला दिसत नाही, असं नाही. ते संस्थेत दिसतं, शिपायांत दिसतं, तसबिरीत दिसतं. पण समोर राणी बसलेली असताना मात्र फक्त विधवा दिसते.

विधवेचं दुःख खरं आहे, ते नाकारून कुणाचंच भलं होणार नाही. आमचं म्हणणं एवढंच की, सत्ताधीशाला माणूस म्हणून दाखवताना त्याच्या सत्तेखाली आलेल्यांनाही तेवढंच माणूसपण मिळालं पाहिजे. आल्बर्टच्या आठवणीला जितका वेळ मिळाला, त्यातलं अर्धं मिनिट खिडकीशी उभ्या असलेल्या त्या मुलाला मिळालं असतं, तरी राणीचा निवाडा तितकाच योग्य राहिला असता. फक्त तो ऐकताना आपण विचारलं असतं, बाईसाहेब, आणि तुमचा निवाडा कोण करणार?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.