‘आहे’ या शब्दाचे दोन अर्थ : अक्वायनस यांच्यावर केनींचा आक्षेप

‘घागर आहे’ आणि ‘घागरीला भोक आहे’ ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. पण घागर जशी असते, तसं भोक असतं का? भोक म्हणजे त्या जागी माती नसणं. थॉमस अक्वायनस (सु. १२२५–१२७४) आंधळेपणाचं उदाहरण देऊन हाच फरक दाखवतात. ‘आहे’चा एक अर्थ म्हणजे विधान खरं असणं, दुसरा म्हणजे वस्तूचं प्रत्यक्ष ‘असणं’. लॅटिनमध्ये दोन्हींसाठी ‘एस्से’ हा एकच शब्द आहे. आपण मराठीत दोन्हींना सरसकट ‘अस्तित्व’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

अक्वायनस म्हणतात, प्रत्येक निर्मित वस्तूत तिचं ‘काय असणं’ (सार) आणि तिचं ‘असणं’ वेगळं असतं. फक्त ईश्वराचं सार म्हणजेच त्याचं असणं. अँथनी केनी यांनी ‘अक्वायनस ऑन बीइंग’ (२००२) या पुस्तकात यावर कडक टीका केली आहे. तिचा गाभा असा : ‘असणं’ म्हणजे ‘अशी वस्तू आहे’ एवढंच असेल, तर ‘ईश्वर काय आहे?’ याचं उत्तर ‘आहे’ एवढंच येतं, आणि ते निरर्थक आहे. ‘असणं’ हा सगळ्या वस्तूंना लागू होणारा सर्वसामान्य गुण मानला, तर तो इतका पातळ आहे की त्यातून ईश्वराबद्दल काहीच कळत नाही.

आक्षेप जोरदार आहे. पण ‘सुम्मा थिऑलॉजिए’चा पहिला भाग, प्रश्न ३, कलम ४ उघडा. शेवटी दोन उत्तरं आहेत. पहिलं : ईश्वराचं असणं म्हणजे सर्व वस्तूंना समान असलेलं असणं नव्हे. दुसरं : ‘ईश्वर आहे’ हे विधान खरं आहे एवढं आपल्याला कळतं, त्याचं असणं कसं आहे ते कळत नाही. केनींच्या आक्षेपाच्या दोन्ही बाजूंना इथे उत्तर मिळतं. ते पटेलच असं नाही, पण दोन अर्थांची सरमिसळ केल्याचा ठपका अक्वायनस यांच्यावर सहज ठेवता येत नाही.

केनी खरे भारी पडतात ते दुसरीकडे. ‘दे एन्ते एत एसेन्शिया’ या सुरुवातीच्या ग्रंथात अक्वायनस म्हणतात, फिनिक्स पक्षी म्हणजे काय हे तो आहे की नाही हे माहीत नसतानाही समजू शकतं. म्हणून सार आणि असणं वेगळे. पण इथे ‘असणं’ हे ‘असा पक्षी आहे का?’ याच अर्थाने येतं. त्यावरून वस्तूच्या आत दोन वेगळी तत्त्वं आहेत हे सिद्ध होत नाही. अक्वायनस यांना पुढची पायरी लागतेच : ज्याचं सार म्हणजेच असणं, अशी वस्तू असली तर एकच असू शकते. जॉन विपेल यांच्यासारखे अभ्यासक खरा भार याच पायरीवर आहे असं मानतात, आणि मला ते पटतं.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ‘असणं’ म्हणजे फक्त ‘अशी वस्तू आहे’ असं धरलं, तर सृष्टीची निर्मिती म्हणजे कधीकाळी घडलेली एक घटना उरते. अक्वायनस यांच्या मते निर्मिती म्हणजे वस्तूचं असणं सतत ईश्वरावर अवलंबून असणं. सूर्य आहे तोवर हवा उजळलेली राहते, तसं. म्हणूनच जगाला सुरुवात होती हे श्रद्धेने कळतं, तर्काने सिद्ध करता येत नाही, असं ते म्हणू शकतात. सुरुवात नसलेलं जगही त्यांच्या दृष्टीने निर्मितच ठरलं असतं. तेव्हा ‘महास्फोटाआधी काय होतं?’ हा प्रश्न विचारून निर्मितीचा सिद्धान्त सिद्ध करणारे आणि खोडणारे, दोघेही भलत्याच दारावर टकटक करत असतात.

आराखडा लिहिताना एक करा. ‘अस्तित्व’ हा शब्द जिथे जिथे येईल, तिथे समासात लिहून ठेवा : विधानाचं ‘आहे’ की वस्तूचं ‘असणं’? जिथे ठरवता येणार नाही, तिथे तुमचा युक्तिवाद अजून तयार झालेला नाही.