बोली : माळ्यावरची आणि कपावरची

पुतण्याकडे जर्मनीत तीन आठवडे राहून आलो. गाव झिंडेलफिंगेन, श्टुटगार्टजवळचे, मर्सिडीज मोटारींचे. कारखाना 1915 सालचा. आपल्याकडच्यांना हा मुलूख अगदीच परका नाही. टाटांनी डेमलर-बेन्झशी ट्रकसाठी करार 1954 साली केला, आणि श्टुटगार्ट व मुंबई 1968 पासून भगिनी-शहरे आहेत. निघताना पुतण्याने मला एक चहाचा कप भेट दिला. त्याच्यावर तिथल्या बोलीतली एक म्हण छापलेली आहे. प्रस्तुत लेख त्या कपावरच आहे असे समजावे.

जर्मनीच्या या दक्षिण भागातली बोली म्हणजे श्वेबिश. कपावरची म्हण अशी : 'नेट ग्शिम्फ्त इश ग्नुग ग्लोब्त', म्हणजे रागे भरलो नाही, तेवढेच कौतुक पुरे. वाचून मला हसू आले ते नवल वाटले म्हणून नव्हे. आमची आजी जेवून उठली आणि 'आज मीठ कुणी घातलं गं?' असे विचारले नाही, की आई समजायची, कालवण झकास झाले आहे.

पण हसू ओसरल्यावर मनात आले, की ही म्हण कपावर का गेली? जी म्हण घरात रोज वापरतात ती छापून कशाला ठेवतील?

तिथले सरकारही या कपाचेच भाऊबंद. बाडेन-व्यूर्टेम्बेर्ग राज्याने 1999 साली स्वतःच्या जाहिरातीसाठी एक वाक्य घेतले. त्याचा भावार्थ, 'आम्हाला सगळे येते, शुद्ध जर्मन तेवढे येत नाही.' वाक्य झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. स्वतःला हसणारे सरकार आपल्या पाहण्यात कितीसे येते? मात्र मेख अशी, की हे वाक्य स्वतः अगदी शुद्ध जर्मन आहे! त्यात श्वेबिशचा एक शब्दसुद्धा नाही. बोली येते म्हणून मिरवायचे, आणि मिरवायचे ते प्रमाण भाषेत. बाहेरच्या माणसाला कळावे हा हेतू उघड आहे. पण मग ते वाक्य बोलीचे नव्हे, बोलीविषयीचे झाले. 2021 साली तेही गेले आणि 'द लेंड' असे इंग्रजी वळणाचे दोन शब्द आले. त्यांविषयी न लिहिलेले बरे.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' 1980 साली रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींनी मालवणी घरोघरी पोचवली. त्यात गावची मंडळी महाभारताचे नाटक करतात. तिथे शुद्ध मराठी ही अंगावर न बसणारी उसनी पोशाखी वस्तू, आणि मालवणी ही भांडायची, चिडायची, एकमेकांना सावरायची भाषा. प्रेक्षक हसतात ते गावकऱ्यांना की त्या उसन्या पोशाखाला, हा प्रश्न उरतोच. माझे मत पोशाखाच्या बाजूचे आहे. कपावरच्या म्हणीला मात्र कुणाशी भांडायचेच नाही. ती नुसती गोड आहे.

श्वेबिशमध्ये 'ब्यूने' म्हणजे घराचा माळा. प्रमाण जर्मनमध्ये तोच शब्द रंगमंचाला आहे. हेर्मान फिशर यांनी या बोलीचा मोठा कोश केला. तो 1904 पासून 1936 पर्यंत सहा खंडांत पुरा झाला, आणि शेवट पाहायला ते राहिले नाहीत, 1920 सालीच वारले. कोशकाराने माळ्यावरचे सगळे सामान खाली काढले, फुटके-तुटकेसुद्धा. कपवाल्याने त्यातली चार चकचकीत भांडी तेवढी उचलली.

आपणही काही वेगळे करत नाही. दारे लावून घरात बसायचे म्हणून 'दारफाळणीचा सण', गोडाचा म्हणून 'खिरीचा सण', ही आपल्या वडीलधाऱ्यांची नावे. केहिमकरांच्या 1897 साली लिहिलेल्या आणि 1937 साली छापलेल्या इतिहासात ती आहेत. आपल्या अंकांतही ती दरवर्षी चौकटीत छापली जातात, आणि मला ते आवडते. पण लोदला किंवा दिमोनाला किती घरांत हा शब्द चौकटीबाहेर, 'दारफाळणीच्या आत बिल भरून टाक' अशा कामाच्या वाक्यात ऐकू येतो? माझ्या घरात येत नाही. चूक मुलांची नाही. आम्ही त्यांच्याशी कामाचे हिब्रूत बोललो आणि मराठी कौतुकापुरती ठेवली.

पुतण्याच्या शेजारी एक म्हातारी बाई राहतात. एका सकाळी जिन्यात त्या 'फूस' दुखतो म्हणून सांगत होत्या. पुतण्या पुण्यात जर्मन शिकलेला. तिथे 'फूस' म्हणजे पाऊल. तो त्यांच्या चपलेकडे पाहून मलम विचारू लागला. त्या हात मात्र मांडीवर ठेवत होत्या. श्वेबिशमध्ये 'फूस' म्हणजे पावलापासून कमरेपर्यंत सगळाच. मला जर्मन येत नाही. मी म्हटले, "अरे, त्यांचा पाय दुखतोय."

"काका, पाय म्हणजे नक्की कुठे?" त्याने विचारले.

"पाय म्हणजे पाय," मी म्हटले, आणि आम्ही दोघांनी धरून त्यांना वर नेले.