फुकटचं पुस्तक आणि पाच तारे

‘अभिप्रायार्थ सप्रेम’ असं लिहून आलेली पुस्तकं माझ्याकडे दोन कपाटं भरून आहेत. तेव्हा या बाबतीत मी काही सोवळा नाही.

अमेझॉनने २००७ साली ‘वाइन’ योजना सुरू केली. निवडक ग्राहकांना आमंत्रण, त्यांना वस्तू मोफत, त्यात पुस्तकंही, आणि बदल्यात परीक्षण. वस्तू फुकट मिळाली हे परीक्षणावर छापलेलं असतं. वाईट लिहिलं तरी चालतं. अमेरिकेत या वस्तूंची किंमत उत्पन्नात धरतात, म्हणजे फुकटही पुरतं फुकट नाही! २०१६ मध्ये मोबदला घेऊन लिहिलेली परीक्षणं ‘वाइन’बाहेर बंद झाली, पण पुस्तकांना त्यातून वगळलं. आगाऊ प्रत देण्याची प्रथा जुनीच, म्हणून.

तेव्हा लाच म्हणून हा विषय झटकून टाकता येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तिथे घेतलेल्या वस्तूंपैकी बहुतेकांवर लिहावंच लागतं, नाहीतर पुढचं मिळणं अवघड. गप्प बसायची सोय नाही.

हॅरिएट क्लाउसनर या बाईंनी अमेझॉनवर ३१ हजारांहून अधिक परीक्षणं लिहिली. २०१५ मध्ये त्या वारल्या. बहुतेक सगळी चार नाहीतर पाच ताऱ्यांची. लोक विचारायचे, एवढं वाचता कधी? मला त्यांचं दुसरं म्हणणं महत्त्वाचं वाटतं: पुस्तकात मन रमलं नाही तर त्या ते अर्धवट सोडत. मग त्यावर लिहिणंही नाही. म्हणजे त्या गप्प बसत होत्या, पण ते वाचकाला कळणार कसं? त्याला दिसतात फक्त तारे.

आपल्याकडे ‘साभार पोच’ नावाचा चौकोन असतो. पुस्तक मिळालं, इतकंच. आपण त्याची टिंगल करतो, पण ते छापलेलं मौन आहे, आणि लेखकाला ते बरोबर कळतं. ताऱ्यांच्या हिशेबात त्याला जागाच नाही. तीन तारे म्हणजे मौन नव्हे, ते गुळमुळीत बोलणं.

तसं मीही बोललोय. एका नवकवीचा संग्रह आला होता. आवडला नव्हता. पोच देऊन मोकळं व्हायचं, तर संपादकांच्या भिडेखातर चारशे शब्द लिहिले आणि शेवटी ‘आश्वासक’ म्हटलं. दोन वर्षांनी त्याचा दुसरा संग्रह आला. मलपृष्ठावर माझं नाव, आणि तो एकच शब्द.