पडद्यावरचा चेहरा आणि कोशातली नोंद

अमेरिकेतील अध्यक्षीय उमेदवारांच्या दूरचित्रवाणीवरील वादविवादांविषयी मराठी विकिपीडियासाठी तयार होत असलेल्या एका नोंदीचा मसुदा मी सध्या तपासतो आहे. मसुदा मेहनतीने लिहिलेला आहे. सनावळी बिनचूक आहे, नावेही बरोबर आहेत. तरीही वाचून झाल्यावर हाती उरते ते एकच विधान: केनेडी आणि निक्सन यांचा १९६० चा पहिला वाद ज्यांनी टीव्हीवर पाहिला त्यांना केनेडी जिंकले असे वाटले आणि ज्यांनी तो रेडिओवर ऐकला त्यांना निक्सन. अशी नोंद सुधारायची म्हणजे काय करायचे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

त्या रात्रीचे तपशील सर्वपरिचित आहेत. २६ सप्टेंबर १९६०, शिकागोतील सीबीएसचा स्टुडिओ, सुमारे साडेसहा ते सात कोटी प्रेक्षक. गुडघ्याच्या संसर्गामुळे निक्सन नुकतेच रुग्णालयात राहून आले होते. वजन उतरलेले, सूट फिकट करडा, व्यावसायिक रंगभूषेला नकार. दाढीची काळी छटा झाकायला लावलेली बाजारातली पावडर तेवढी चेहऱ्यावर होती. हे सारे खरे आहे आणि नोंदीत यायलाच हवे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष कशावर उभा आहे?

तो मुख्यतः सिंडलिंगर या संस्थेच्या एका पाहणीवर उभा आहे. तिच्यात दोन हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले गेले. त्यांपैकी रेडिओवर वाद ऐकलेले होते २८२ आणि कोण जिंकले याविषयी मत दिलेले त्याहूनही कमी, १७८. डेव्हिड व्हॅन्सिल आणि स्यू पेंडेल या अभ्यासकांनी १९८७ मध्ये या आधाराची कसून तपासणी केली. रेडिओचे श्रोते आणि टीव्हीचे प्रेक्षक मुळात एकाच प्रकारचे मतदार होते का, हा त्यांचा आक्षेप निर्णायक आहे. रेडिओवर विसंबून असलेला ग्रामीण, प्रॉटेस्टंट मतदार कॅथलिक केनेडींविषयी आधीच साशंक असेल, तर त्याचा कौल माध्यमामुळे बदलला असे कसे म्हणायचे?

इथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह होतो: ‘ही निव्वळ दंतकथा आहे’ असे लिहून मोकळे व्हायचे. तेही चूकच. व्हॅन्सिल-पेंडेल यांनी पुरावा अपुरा आहे एवढे दाखवले. उलट गोष्ट सिद्ध केली नाही. जेम्स ड्रकमन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, त्या वादाची फारशी माहिती नसलेल्यांपैकी काहींना चित्रफीत दाखवली आणि काहींना नुसता आवाज ऐकवला. चित्रफीत पाहणाऱ्यांचा कल केनेडींकडे अधिक झुकला. म्हणजे प्रतिमेचा परिणाम संभवतो. मात्र १९६० साली तो किती झाला, हे या प्रयोगावरून ठरत नाही. कोशकाराने लिहायचे ते एवढेच: कोणी, कशाच्या आधारे, काय म्हटले आणि त्यावर आक्षेप काय.

विकिपीडियाच्या नियमानुसार प्रत्येक विधानाला संदर्भ लागतो. या विधानाला शंभर संदर्भ मिळतील. पण शंभर पुस्तके एकमेकांत पाहून लिहिलेली असतील तर साक्षीदार एकच. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. जबाबदारी त्या नावाची. विकिपीडियात असे नाव नसल्याने ती जबाबदारी संदर्भावर येते. म्हणून संदर्भ मोजून भागत नाही, त्याच्या मुळाशी जावे लागते.

चेहऱ्याने आणखी एक नुकसान केले आहे. वादात काय बोलले गेले, ते मसुद्यात जवळजवळ नाहीच. प्रत्येकी आठ मिनिटांचे प्रास्ताविक, मग चार पत्रकारांचे प्रश्न आणि शेवटी समारोप, अशी रचना होती. विषय अंतर्गत धोरणाचा. केनेडींनी पोलाद कारखान्यांची पडून असलेली क्षमता आणि शिक्षकांचे अपुरे पगार मांडले. निक्सन यांनी उद्दिष्टे मान्य आहेत, मार्ग वेगळा आहे, असा समजुतीचा सूर लावला. त्यांची कोणती मोठी सूचना स्वीकारली, या प्रश्नावर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आठवडाभराचा वेळ मागितला होता. त्याचा जाब सँडर व्हॅनोकर यांनी निक्सन यांना तिथेच विचारला. हे सारे रेडिओवरही ऐकू येत होते. निक्सन मागे पडले असतील तर त्याची कारणे या शब्दांतही शोधायला हवीत.

मसुद्यातील तिसरी उणीव म्हणजे नियमांचा इतिहास. सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याची कायद्यातली अट १९६० साली काँग्रेसने तात्पुरती स्थगित केली, म्हणून हा दोघांचाच वाद होऊ शकला. १९६४, १९६८ आणि १९७२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारांत वाद झालेच नाहीत. १९७६ साली लीग ऑफ विमेन व्होटर्स या संघटनेने ते पुन्हा सुरू केले. प्रचारयंत्रणांनी आपसांत ठरवलेल्या अटी मान्य नाहीत म्हणून १९८८ मध्ये लीग बाहेर पडली आणि दोन्ही पक्षांच्या पुढाकाराने १९८७ साली स्थापन झालेल्या आयोगाकडे सूत्रे गेली. २०२४ मध्ये त्या आयोगालाही वगळून वाद थेट वाहिन्यांवर झाले. सभागृहात प्रेक्षक नव्हते आणि एक उमेदवार बोलताना दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक बंद असे. प्रश्न कोण विचारणार, कोणाला मंचावर घेणार, किती मिनिटे देणार, हे ठरवणारे हात नोंदीत दिसले पाहिजेत.

शीर्षकाचाही विचार व्हावा. ‘चर्चा’ म्हटले की आपल्या वाहिन्यांवरचा रात्रीचा गलका आठवतो. न्यायदर्शनाने तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करते ती वितंडा, असा भेद केला आहे. अमेरिकेतील हे कार्यक्रम कशात मोडतात, हे कोशाने ठरवू नये. पण ‘वादविवाद’ हा शब्द निदान दोन्ही शक्यता खुल्या ठेवतो.

एवढा आटापिटा एका नोंदीसाठी का? टीव्ही-रेडिओची ती गोष्ट निक्सन यांच्यापेक्षा मतदाराविषयी अधिक बोलते. त्याला युक्तिवाद कळत नाही, तो चेहऱ्याला भुलतो, असे ती सांगते. हे एकदा गृहीत धरले की उमेदवाराने मुद्दे मांडण्याचे आणि वाहिनीने ते तपासण्याचे कारणच उरत नाही. केनेडी ती निवडणूक सुमारे १ लाख १३ हजार मतांच्या आघाडीने जिंकले. इतक्या निसटत्या निकालाला एकच कारण चिकटवणे सोपे असते. नोंद सुधारणे म्हणजे ते एक कारण सोडवून त्याच्या जागी पुरावा, आक्षेप, शब्द आणि नियम मांडून ठेवणे. निर्णय मग वाचकाने करावा; तोही मतदारच आहे.